उंबरठ्यावरचा चेंडू

दिवाळीच्या अंकात रग्बीविषयी लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटाशेजारी चिखलाने माखलेला बूट आणून ठेवण्यासारखे आहे, हे मला समजते. शिवाय मी काही खेळाडू नव्हे. मॅट्रिकच्या पुढे न शिकलेला, शाळेत मराठी शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस मी. पण ह्या खेळातल्या एका लहानशा प्रश्नाने गेली काही वर्षे माझा पिच्छा पुरवला आहे. आणि तो प्रश्न मुळात खेळाचा नाहीच, तुमच्या-माझ्या घरातला आहे, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे. प्रश्न एवढाच : माणसांच्या गर्दीत सापडलेला चेंडू 'बाहेर' आला, असे नेमके केव्हा म्हणायचे?

आधी थोडा खेळ समजावून सांगतो. ज्यांना तो ठाऊक आहे त्यांनी तोवर एखादी चकली तोंडात टाकावी.

प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू. चेंडू लांबट, सोललेल्या नारळासारखा. तो घेऊन पळायचे. हाताने द्यायचा झाला तर मागच्याला किंवा बरोबरीच्याला, पुढच्याला नाही. पळणाऱ्याला प्रतिपक्षाने धरून खाली पाडले की त्याने चेंडू सोडला पाहिजे. मग जमिनीवरच्या त्या चेंडूवर दोन्हीकडची माणसे उभ्या उभ्या भिडतात आणि एकमेकांना रेटतात. ह्या रेटारेटीला 'रक' म्हणतात. 'स्क्रम' त्याहून रीतसर. दोन्हीकडचे आठ-आठ गडी तीन रांगांत एकमेकांना घट्ट धरून वाकतात, समोरच्यांशी खांदे भिडवतात, आणि मधल्या बोगद्यात चेंडू टाकला की तो पायांनी मागे ओढतात. दोन्ही ठिकाणी चेंडू सरकत सरकत शेवटच्या गड्याच्या पायांशी येतो. तेथे नऊ क्रमांकाचा, बहुधा संघातला अंगाने लहान असा खेळाडू टपून उभा असतो. त्याला 'स्क्रम-हाफ' म्हणतात. तो चेंडू उचलतो आणि तुंबलेला खेळ पुन्हा वाहू लागतो.

आता खरी गोम. चेंडू आत असेपर्यंत बाकीच्यांनी काय करायचे? थांबायचे. रक असेल तर आपल्या बाजूच्या शेवटच्या पायाच्या मागे. स्क्रम असेल तर त्याच्याही मागे पाच मीटर. मैदानावर ही रेषा आखलेली नसते. पण ती ओलांडली की ऑफसाइड, आणि ऑफसाइडला दंड. चेंडू बाहेर आला की ही रेषा पुसली जाते, आणि इतका वेळ दात-ओठ खात थांबलेला माणूस स्क्रम-हाफवर झेपावायला मोकळा होतो. म्हणजे एका 'बाहेर' ह्या शब्दावर एका माणसाचे संरक्षण आणि दुसऱ्या माणसाचे स्वातंत्र्य अशी दोन्ही टांगलेली आहेत.

माझा पुतण्या मुंबईला कॉलेजात असताना ह्या खेळाच्या नादी लागला. मुंबईला रग्बी म्हणजे बॉम्बे जिमखाना. जिमखाना १८७५ सालचा, आणि रग्बीचे दिवस ऐन पावसाळ्याचे. एकदा सुट्टीत तो घरी आला असताना मी त्याला ही शंका विचारली. त्याने स्वयंपाकघरातून एक नारळ आणला, जमिनीवर ठेवला आणि आपले पाऊल त्याला लावले.

"काका, हा शेवटचा पाय आणि हा चेंडू. सांगा, आत की बाहेर?"

"आत," मी म्हणालो.

त्याने नारळ बोटभर मागे सरकवला. "आता?"

"अर्धा बाहेर."

"अर्धा चालत नाही, काका. मला धावायचं की थांबायचं ते सांगा. अर्धं धावता येत नाही."

मग नारळ तसाच पायाशी ठेवून त्याने त्यावर नुसता हात टेकला. "आता?"

मी विचारात पडलो. तेवढ्यात आतून सौभाग्यवती म्हणाल्या, "हात लावला आहेस ना? मग फोड तरी, नाहीतर जागेवर ठेव. मला चटणीला हवाय."

त्या वेळी आम्ही दोघेही हसलो. पण पुढे मी ह्या विषयावर जे काही वाचले आणि पाहिले त्यात ह्याहून नेमका अभिप्राय मला क्वचितच मिळाला.

तर्कशास्त्रातल्या लोकांना हा प्रश्न नवा नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात युबुलिडीस नावाच्या ग्रीक पंडिताने तो धान्याच्या राशीविषयी विचारला, असे सांगतात. खळ्यात ज्वारीची रास आहे. एक दाणा काढला, रास राहिलीच. आणखी एक काढला, तरी राहिलीच. असे करत करत शेवटी एकच दाणा उरला, तर रास मोडली केव्हा? शेतकऱ्याला हा प्रश्न कधी पडत नाही, कारण रास मोडल्याचा क्षण सांगण्यावाचून त्याचे काही अडत नाही. रग्बीत अडते. तेथे शेवटच्या रेषेवर एक माणूस पाय रोवून उभा आहे आणि त्याला ह्याच क्षणी उत्तर हवे आहे.

पुतण्याचे उत्तर सोपे होते : पंच म्हणेल तेव्हा बाहेर. व्यवहारात तसे चालते खरे. पण हे उत्तर मला पटत नाही. ऑक्सफर्डचे प्राध्यापक हार्ट यांनी कायद्यावरच्या आपल्या १९६१ च्या ग्रंथात नेमका हाच मुद्दा खेळाचे उदाहरण घेऊन मांडला आहे. गुण लिहिणाऱ्याचा शब्द अखेरचा असेल. पण म्हणून 'तो लिहील तो गुण' हा त्या खेळाचा नियम होत नाही. तो नियम झाला तर तो खेळच वेगळा होईल. पंचाचा निर्णय अखेरचा असतो आणि तरीही तो चुकू शकतो, ह्याचा अर्थ पंचाच्या शिट्टीपलीकडे काहीतरी खरे-खोटे असतेच. ते खरे-खोटे कुठे राहते, एवढेच शोधायचे.

ह्या खेळाचा इतिहास पाहताना मला, मास्तर असल्यामुळे असेल, एका गोष्टीचे फार कौतुक वाटले. इंग्लंडातल्या रग्बी गावच्या शाळेत ह्या खेळाचे पहिले लेखी नियम १८४५ साली तयार झाले, आणि ते शिक्षकांनी नव्हे, मुलांनी लिहिले. त्या नियमांत पंचच नव्हता. तंटा पडला तर दोन्ही बाजूंच्या म्होरक्यांनी किंवा त्यांनी नेमलेल्या दोघांनी तो मिटवायचा, दुसऱ्या कोणी नाही. म्हणजे चेंडू बाहेर आला की नाही, हे ज्याचा फायदा होणार आणि ज्याचा तोटा होणार त्या दोघांनी मिळून ठरवायचे! माझ्या वर्गात मी हा प्रयोग करून पाहिलेला नाही. मधली सुट्टी तेवढी मोठी नसते. पुढे १८७१ साली लंडनमध्ये रग्बी युनियन स्थापन झाली, पंच आले, शिट्टी आली. नियमांचे पुस्तक जाड होत गेले, आणि आपसात मिटवण्याची सवय पातळ होत गेली.

इथे एक आडवाटेची गोष्ट सांगण्याचा मोह होतो. आपल्याच देशात, कलकत्त्याला, १८७३ साली इंग्रजांनी एक रग्बी क्लब काढला होता. चार-पाच वर्षांत खेळणारे घटले. तेव्हा त्या मंडळींनी क्लब कसाबसा रखडत ठेवला नाही. बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, २७० रुपये वितळवले, त्याचा एक पेला घडवला आणि तो विलायतेला पाठवून दिला. तीन नाग हे त्याचे कान, आणि झाकणावर हत्ती. १८७९ सालापासून इंग्लंड आणि स्कॉटलंड हे संघ ह्याच कलकत्ता कपासाठी खेळतात. त्या पेल्याच्या सौंदर्यापेक्षा मला ती क्लब मोडण्याची रीत आवडते. संपले तेव्हा संपले असे म्हणून हात मोकळा करणारी माणसे कुठल्याही देशात थोडीच.

असो. आजचे नियम काय म्हणतात? स्क्रमबाबत ते बरेच स्पष्ट आहेत. चेंडू बोगद्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही बाजूने बाहेर पडला की स्क्रम संपला. किंवा तो शेवटच्या गड्याच्या पायांशी असताना त्या गड्याने उचलला, अथवा त्याच्या स्क्रम-हाफने खेळवला, तरी संपला. रकबाबत मात्र नियम एवढेच म्हणतो की चेंडू रकमधून निघाला की रक संपला. 'निघाला' म्हणजे काय, ह्याचा अर्थ मैदानावरच लागतो. चेंडू पाय आणि अंगे यांच्यापासून मोकळा झाला, उघडा पडला, तर तो बाहेर. ह्यावर भांडण नाही. भांडण आहे ते त्या हात टेकलेल्या नारळाचे. चेंडू अजून पायांत आहे, पण स्क्रम-हाफचा पंजा त्यावर आहे. तो मान वर करून उजवीकडे पाहतो, डावीकडे पाहतो, कुणाला बोटाने खुणावतो. त्याला उचलण्याची घाई नाही. बहुतेक पंच अशा वेळी नुसता हात लागला म्हणून चेंडू बाहेर धरत नाहीत. जमिनीवरून उचलेपर्यंत सवलत देतात. ह्या सवलतीला कारणही आहे. वाकलेल्या माणसाच्या मानेवर शंभर किलोचा गडी येऊन आदळला तर मान मोडेल. २०२४ सालच्या शरद ऋतूतल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत तर ह्या नवव्या खेळाडूला आणखी संरक्षण देणारा नियम प्रयोग म्हणून लावण्यात आला. ह्याला कुणी हरकत घेऊ नये.

हरकत दुसऱ्या गोष्टीला आहे. संरक्षण मिळाले आहे ते चेंडू काढण्यासाठी. पण काढायला मिळालेला तो वेळ तो विचार करायला वापरतो, मांडणी करायला वापरतो, कधी तर घड्याळाचा काटा पुढे ढकलायला वापरतो. अंग चोरायचे तेव्हा 'मी आत आहे', आणि चाल रचायची तेव्हा 'चेंडू माझ्या हातात आहे'. त्याला घराचा आसरा हवा आणि रस्त्याची मोकळीकही हवी. आमची आजी दारात रेंगाळणाऱ्या नातवंडांना म्हणायची, "उंबरठ्यावर उभं राहू नये रे. आत ये, नाहीतर बाहेर जा." लहानपणी वाटे, हा नुसता शकुन-अपशकुनाचा भाग. हिरण्यकश्यपूने वर मागितला तो 'घरात नको आणि घराबाहेर नको' असा. शेवटी नरसिंहाने त्याला गाठले ते उंबरठ्यावरच. ती कथाही आजीचीच. दोन्हीकडून सुरक्षित राहू पाहणाऱ्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला होता असे दिसते.

इथेच मला माझ्या शंकेचे उत्तर सापडू लागले. इतके दिवस मी चेंडूकडे पाहत होतो. तो किती बोटे सरकला, कुणाच्या टाचेखाली किती आहे, ह्या मोजमापातून 'बाहेर' सापडेल असे मला वाटत होते. पण 'बाहेर' ही चेंडूची जागा नाहीच. रेषेवर थांबलेल्या त्या दुसऱ्या माणसाने आणखी किती वेळ थांबावे असा हक्क ह्याला आहे, तो मूळ प्रश्न आहे. चेंडू बाहेर आला म्हणजे त्या माणसाचे थांबण्याचे देणे फिटले. प्रश्न असा फिरवून विचारला की बोटभर अंतराला अर्थ उरत नाही आणि वेळेला येतो.

नियम करणाऱ्यांनाही हे कळले असावे. २०१२ साली त्यांनी रकसाठी एक तोड काढली, आणि ती पुढे कायम झाली. चेंडू एका बाजूने स्पष्टपणे जिंकला आहे, खेळवण्याजोगा आहे, आणि तरी तो निघत नाही, असे दिसले की पंच मोठ्याने बजावतो : वापरा! त्यापुढे पाच सेकंदांत चेंडू खेळवला नाही तर स्क्रम, आणि त्यात चेंडू टाकण्याचा मान दुसऱ्या बाजूला. पाहा, चेंडू आत की बाहेर ह्या वादात पंच शिरतच नाही. तो म्हणतो, तुझा चेंडू आत आहे हे मान्य; पण तुझ्या 'आत' असण्याची मुदत आता मी मोजतो. आपल्या कबड्डीतही चढाईला गेलेल्या गड्याला आता तीस सेकंदांची मर्यादा असते. दम कितीही लांब असला तरी तिसाव्या सेकंदाला तो परत हवा. कुंपणाचा तंटा घड्याळाने सोडवण्याची ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते.

ह्यावर कुणी म्हणेल, नियमात जे बसते ते करण्यात गैर काय? मी ह्या मताचा आदर करतो, पण सगळी पळवाट एका जातीची नसते. २६ फेब्रुवारी २०१७ रोजी ट्विकनहॅमच्या मैदानावर इटलीने इंग्लंडविरुद्ध एक विलक्षण खेळी केली. त्या वेळच्या नियमाप्रमाणे दोन्हीकडचा निदान एक-एक माणूस चेंडूवर भिडल्याशिवाय रक होत नसे, आणि रक नाही तर ऑफसाइडची रेषाही नाही. इटलीच्या गड्यांनी पाडापाडी केली, पण भिडायचेच टाळले. रकच झाला नाही! मग ते खुशाल इंग्लंडच्या बाजूला जाऊन स्क्रम-हाफच्या वाटेत उभे राहू लागले. इंग्लंडचे खेळाडू गोंधळले. आम्ही आता करावे तरी काय, असे त्यांनी पंच रोमाँ प्वात यांनाच विचारले. मी पंच आहे, तुमचा प्रशिक्षक नव्हे, असे प्वात यांनी त्यांना सुनावले. मध्यंतराला इटली १०-५ असा पुढे होता. अखेर इंग्लंडने ३६-१५ असा सामना जिंकला, आणि जिंकल्यावरही त्यांचे प्रशिक्षक एडी जोन्स 'ह्याला रग्बी म्हणत नाहीत' म्हणून चिडले. त्याच वर्षी नियम बदलला. आता पाडापाडीनंतर जमिनीवरच्या चेंडूवर एकजरी माणूस उभा राहिला तरी रेषा तयार होते.

मला विचाराल तर इटलीने काही पाप केले नाही. त्यांनी जे केले ते उघड्यावर, पंचाच्या डोळ्यांसमोर केले; आणि सरळ मधून पळत सुटणे हा तोडगा इंग्लंडच्या हातात होता. त्यांनी फायदा घेतला तो प्रतिपक्षाच्या मंदपणाचा. हात टेकून बसलेला स्क्रम-हाफ मात्र फायदा घेतो तो प्रतिपक्षाच्या सभ्यपणाचा. समोरचा जितका नियम पाळणारा, तितका ह्याचा लाभ मोठा. समोर उतावळा असेल तर ह्याला घाईने चेंडू काढावा लागतो. समोर सरळ माणूस असेल तर हा निवांत इकडे-तिकडे पाहतो. २००२ सालच्या युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात, अगदी अखेरच्या मिनिटांत, लेस्टरच्या नील बॅकने स्क्रममध्ये चेंडू टाकू पाहणाऱ्या मन्स्टरच्या पीटर स्ट्रिंगरच्या हातातून तो फटका मारून आपल्या बाजूला पाडला. पंच तेव्हा पलीकडच्या बाजूला होता. लेस्टरने सामना १५-९ असा जिंकला. ती सरळसरळ लबाडी होती, आणि लबाडीला निदान नाव तरी असते. उंबरठ्यावर बसून दुसऱ्याला ताटकळत ठेवणाऱ्याला आपल्याकडे नाव नाही. म्हणून तो जास्त दिवस चालतो.

मैदानाबाहेर तर 'वापरा!' म्हणून ओरडायलाही कुणी नसतो. माझ्या मावसबहिणीच्या मुलीची गोष्ट सांगतो. स्थळ चांगले होते. पाहण्याचा कार्यक्रम झाला, मुलगी पसंत पडली, पत्रिका जुळली, देण्याघेण्याचा तर प्रश्नच नव्हता. सुपारी फोडायची तेवढी राहिली. मुलाकडचे म्हणाले, "कळवतो." दिवाळीला कळवतो म्हणाले ते संक्रांतीला, संक्रांतीचे पाडव्याला. मध्ये सणाला मिठाईचा पुडा आला. म्हणजे चेंडूवर हात होता. ह्या अकरा महिन्यांत मुलीला आणखी दोन स्थळे आली. माझ्या बहिणीने दोन्ही ठिकाणी नम्रपणे नकार कळवला. एका ठिकाणी बोलणे चालू असताना दुसरीकडे पाहणे बरे दिसत नाही, हा तिचा नियम. ती शेवटच्या पायाच्या मागे थांबली होती. तिकडे मुलाकडच्यांचे दुसऱ्या मुली पाहणे चालू आहे, हे आम्हांला पुढे कळले.

शेवटी मीच जाऊन मुलाच्या वडिलांना विचारले. ते अगदी शांतपणे म्हणाले, "गुरुजी, आम्ही कुठे शब्द दिला होता? सुपारी फुटली का?"

सुपारी फुटली नव्हती. पुस्तकातला नियम त्यांच्या बाजूने होता, आणि मी निरुत्तर होऊन परत आलो. बहीण रडली. तिचे यजमान म्हणाले, आपण मुलीकडचे, आणखी थोडे थांबू. ह्या 'आपण मुलीकडचे' शब्दांतच त्या खेळाची सगळी रेषा आखलेली होती. आणि ती एकाच बाजूसाठी आखलेली होती, हे रग्बीतसुद्धा नाही.

मुलीने कुणाला विचारले नाही. तिने स्वतः त्या गृहस्थांना फोन लावला. आम्ही सगळे ओटीवर होतो, तिचा आवाज ऐकू येत होता. "काका, नमस्कार. रविवारपर्यंत होय किंवा नाही ते सांगा. रविवारी रात्रीनंतर तुमचं आमचं बोलणं नाही असं आम्ही धरू." पलीकडून काय उत्तर आले ते कळले नाही. तिने फोन ठेवला आणि आत जाऊन ती भाजी निवडत बसली.

घरात केवढा गहजब झाला! मोठ्यांशी असे बोलतात का, स्थळ हातचे गेले, आता गावात काय तोंड दाखवायचे. मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते की त्या अकरा महिन्यांत त्या घरात योग्य बोललेले वाक्य ते एकच. तिने त्यांना दोष दिला नाही, शब्द मोडला म्हटले नाही, कारण शब्द दिलाच नव्हता. तिने फक्त मुदत मोजायला सुरुवात केली.

रविवारी फोन आला नाही. सोमवारी सकाळी माझी बहीण कपाटाच्या वरच्या कप्प्यातली जुनी वही काढून बसली होती. आधीच्या दोन स्थळांपैकी एकाचा नंबर तिने पेन्सिलीने खोडला होता. खोडलेले आकडे चष्मा लावूनही तिला नीट लागेनात, तेव्हा तिने वही लेकीपुढे सरकवली.